अडीच सुती

दिवाळीला कोल्हापूरला गेलो आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पांच्या गाडीच्या इंजिनातले आटे (बोल्ट ज्यात फिरून बसतो त्या पीळदार खाचा) घालवले. म्हणजे घालवले मीच, की ते आधीच गेलेले होते आणि मी फक्त निमित्त झालो, यावर घरात अजून दोन मतं आहेत. एक मत माझं आणि एक बाकी सगळ्यांचं.

गाडी मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ज्यावर मी गाडी शिकलो ती. आता पप्पा ती फक्त सकाळी मंडईपर्यंत आणि आठवड्यातून एकदा गावाकडं नेतात. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पुढून टिक् टिक् टिक् आवाज यायचा, दहा मिनिटं चालवली की गायब. पप्पांचं म्हणणं टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजतायत, वय झालंय, वाजू दे. मी बॉनेट उघडून कान लावला तर आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा पाइपांचा भाग) येत होता आणि एका जागी हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, काजळीचा काळा पट्टा दिसला. गॅस्केट (मॅनिफोल्ड आणि हेडमधली सील करणारी पातळ पट्टी) फुंकतंय, म्हणजे तिथून धूर निसटतोय. गरम झालं की लोखंड पसरतं, फट मिटते, आवाज बंद. सोपं निदान, एवढं तर यूट्यूब बघूनसुद्धा कळतं.

मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवायला स्टड (डोकं नसलेले, आटे पाडलेले दांडे) असतात, स्टडवर नट. त्या सगळ्यांना १२ चा पाना लागतो. जपानी गाड्यांत ८ मिमीच्या बोल्टचं डोकं बहुतेक १२ चं असतं, ६ मिमीचं १०, १० मिमीचं १४, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप बरोबर गोटी (सॉकेट) उचलतो. तर सगळे नट बघत गेलो आणि काळ्या पट्ट्याजवळ एका ठिकाणी स्टड-नट नव्हताच, सरळ एक बोल्ट घातलेला. कधीतरी स्टड तुटला असेल, कुणीतरी बोल्ट मारून दिला असेल, चालतं एवढं. त्याला १२ चा पाना लावला, जाईना. गंजून डोकं फुगलं असेल म्हटलं. १३ चा लावला, गेला पण जरा हलतोय. इथंच थांबून विचार करायला पाहिजे होता. केला नाही.

सैल असेल, थोडा आवळू, म्हणून १३ ची गोटी घातली, रॅचेट लावला. पाव फेरा फिरला, कडक झाला. अजून थोडा. मग मला वाटलं की घट्ट होतोय तर होऊ दे, आणि (हे लिहिताना लाज वाटतेय) रॅचेटच्या दांड्यात पाइपचा तुकडा घातला. पुढचा क्षण ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. कडक, कडक, अजून कडक, आणि मग एकदम मऊ. आवाज येत नाही, काही तुटल्यासारखं वाटत नाही, फक्त हाताला कळतं की पलीकडं आता काही नाही. लोण्यात चमचा फिरवल्यासारखा पाना फिरत राहतो आणि पोटात खड्डा पडतो.

पप्पा मागं उभे होते. म्हणाले, "झालं?"

झालं होतं. बोल्ट बोटांनी बाहेर आला आणि त्याच्या आट्यांमध्ये गुंडाळून चकचकीत पांढरी तार आली, स्प्रिंगसारखी, दोन-अडीच वेढे. ती तार म्हणजे हेडचे आटे. हेड अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा, त्या दोघांच्या भांडणात कोण हरणार हे ठरलेलंच असतं.

आता हे का होतं ते थोडं सांगतो कारण मला स्वतःला इतकी वर्षं चुकीचं वाटत होतं. मला वाटायचं बोल्ट जितका आवळू तितकी पकड वाढते. तसं नसतं. आपण पान्यावर जेवढा जोर लावतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहा-पंधरा टक्केच खरे दोन तुकड्यांना एकमेकांवर दाबतात. म्हणून गंजलेला बोल्ट हाताला लई घट्ट लागतो पण दाबत काहीच नाही, आणि उलट आट्यांना तेल लावलं की तोच टॉर्क (फिरवायचा जोर) दिला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. दुसरं म्हणजे सगळे आटे सारखं वजन उचलत नाहीत. नव्या, नीट बसलेल्या बोल्टमध्येसुद्धा पहिला आटाच जवळपास एक तृतीयांश भार घेतो, पाच-सहा आट्यांच्या पुढचे नुसते हजेरीला असतात. त्यामुळं पहिला आटा फाटला की भार दुसऱ्यावर, तो फाटला की तिसऱ्यावर, अशी चेन फुटल्यासारखी रांग लागते आणि आपल्या हाताला ते एका झटक्यात मऊ झाल्यासारखं वाटतं.

८ मिमीच्या बोल्टला अॅल्युमिनियममध्ये २० ते २५ न्यूटन-मीटर म्हणजे बास. ते किती? एक वीतभर, २५ सेंमीचा पाना आडवा धरा आणि त्याच्या टोकाला दहा किलोची तांदळाची पिशवी लटकवा. तेवढंच. ६ मिमीला चार किलो. मी पाइप घालून जे केलं ते त्या हिशोबात अख्खं पोतं होतं.

तर आता काय. पप्पांनी उपाय सुचवले ते असे, टेफलॉन टेप गुंडाळून बोल्ट घालू, नाहीतर एम-सील भरू, नाहीतर आवाज होता तो काय वाईट होता. टेप आणि एम-सील दोन्ही एक्झॉस्टच्या धगीपुढं टिकणार नाहीत, तिथं मॅनिफोल्डवर पाण्याचा थेंब पडला तर चर्रर्र करून उडतो. तिसऱ्या उपायावर मी काही बोललो नाही.

माझ्या डोक्यात आधी सगळ्यात स्वस्त उपाय आला, जो खरंच आधी बघायचा असतो आणि लोक बघत नाहीत. भोक बोल्टपेक्षा खोल असेल तर तळाला न वापरलेले आटे शिल्लक असतात. थोडा लांब बोल्ट घातला की काम झालं, ना ड्रिल ना टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार). व्हर्नियरचा (बारीक माप घ्यायच्या हत्याराचा) दांडा आत घालून बघितलं तर भोक १८ मिमी खोल, बोल्ट आत जात होता जेमतेम ११. मी खूश. नवा ८ मिमीचा लांब बोल्ट आणून हाताने फिरवला, पहिल्या भागात मोकळा फिरला, मग तळाला आटा पकडला, दीड फेरा गेला आणि अडला. टॉर्च लावून बघितलं तर तळालाही आटे अर्धे चिरडलेले. म्हणजे कधीतरी कुणीतरी हाही उपाय करून झालेला होता!

मग सगळा मॅनिफोल्ड काढायचं ठरवलं. बाकीच्या नटांवर रात्री गंज सोडवायचं तेल मारलं, सकाळी परत मारलं, इंजिन जरा कोमट करून एकेक नट आधी किंचित आवळायच्या दिशेला हलवून मग सोडवला. हे मात्र मी शहाण्यासारखं केलं. सगळे सुटले, एकही तुटला नाही. एक्झॉस्टचे स्टड तुटणं ही आट्यांपेक्षा मोठी कटकट आहे, त्याच्यावर वेगळं कधीतरी.

जुना बोल्ट, नवीन गॅस्केट आणि फोनमधले फोटो घेऊन शिवाजी उद्यमनगरला गेलो. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, उद्यमनगर म्हणजे लेथ, शेपर, फाउंड्री, वेल्डिंग यांचं मोहोळ आहे, एका बोळात शिरलं की दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत तुमच्या कपड्याला कटिंग ऑइलचा वास लागलेला असतो. तिथं पप्पांचे शाळेतले एक मित्र आहेत, लेथवर आयुष्य गेलं, मी त्यांना लहानपणापासून मामा म्हणतो. हाताची दोन बोटं किंचित वाकडी, त्याची गोष्ट दर वेळी वेगळी सांगतात.

मामांनी बोल्ट हातात घेतला, चष्मा वर केला, आट्यांवर अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "मर्दा, ही अडीच सुती हाय की."

मला दोन सेकंद लागले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात अजून बोल्ट सुतात मागतात, दोन सुती, तीन सुती. अडीच सुती म्हणजे पाच सोळांश इंच. मिमीमध्ये ७.९४. आणि गाडीला पाहिजे ८.००. दोघांत फरक सहा शतांश मिमी, डोळ्याला काय, व्हर्नियरलासुद्धा घाईत कळणार नाही. डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिमी. म्हणून १२ चा पाना जात नव्हता आणि १३ चा हलत होता!

मामांनी ड्रॉवरमधून पिच गेज काढला, ते पानांचं छोटं पुस्तक असतं ना, प्रत्येक पानाला करवतीसारखे दात, ते. अठराचं पान बोल्टवर ठेवलं, उजेडाकडं धरलं. फट नाही. इंचाला अठरा आटे. म्हणजे एक आटा १.४१ मिमीचा. गाडीचा आटा १.२५ चा. जाडी जुळते, चाल जुळत नाही.

आता हे कसं फसवतं बघा. पहिला आटा सहज जातो. दुसरा जरा घासत. एका आट्यामागं ०.१६ मिमी फरक पडत जातो, चार आटे गेले की फरक साठून ०.६४, म्हणजे गाडीच्या आट्याच्या जवळपास अर्ध्यावर. म्हणजे बोल्टचा उंचवटा तिथं येतो जिथं हेडचाही उंचवटा आहे. लोखंडात असतं तर बोल्ट तिथंच जाम होऊन सांगितलं असतं की बाबा चुकतंय. अॅल्युमिनियम बिचारं बाजूला सरकतं. ज्यानं घातला त्याला वाटलं असेल वा काय घट्ट बसलाय. तो बोल्ट इतके दिवस आट्यांवर नव्हताच, चुरगळलेल्या अॅल्युमिनियममध्ये अडकून बसला होता. त्यात अॅल्युमिनियम गरम झाल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, रोज गरम-थंड, गरम-थंड, म्हणजे रोज थोडं सैल. गॅस्केट फुंकणारच.

मी लगेच पप्पांना फोन लावला की बघा, मी नाही घालवले. पप्पा म्हणाले, "पाइप कुणी लावला?"

असो. कुठल्या गॅरेजवाल्यानं घातला ते शोधण्यात अर्थ नाही, गाडी किती हातांतून गेलीय. आणि खरं सांगू का, रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना डब्यात हात घालून जो बसेल तो बोल्ट, हे मी समजू शकतो. समजू शकतो म्हणजे बरोबर आहे असं नाही.

मामांचं म्हणणं बुश मारू. म्हणजे भोक चांगलं मोठं करायचं, त्यात बाहेरून १२ मिमीचे आणि आतून ८ चे आटे असलेली लोखंडी नळी लेथवर करून घट्ट बसवायची. उद्यमनगरची ही जुनी पद्धत, ऑइल इंजिनांच्या काळापासूनची, आणि स्पार्क प्लगचे आटे गेले तर मी आजही बुशच मारीन, कारण प्लग सारखा काढला-घातला जातो. पण माझ्या भोकाशेजारी मटेरियल कमी होतं, १२ चं भोक पाडलं तर एका बाजूला भिंत अगदी पातळ उरली असती, आणि बुशसाठी हेड काढून आणावं लागलं असतं. वरच्या साइजचा म्हणजे १० चा स्टड घालायचा तर मॅनिफोल्डचं भोकही मोठं करा, पुढच्या माणसाला परत कोडं. मी म्हटलं हेलिकॉइल.

हेलिकॉइल हे खरं एका अमेरिकन ब्रँडचं नाव, पण झेरॉक्ससारखं झालंय, कुठल्याही कंपनीच्या कॉइलला लोक तेच म्हणतात. स्टेनलेसची तार, तिचा छेद चौकोनाला कोपऱ्यावर उभा केल्यासारखा, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. बाहेरचा कोपरा भोकातल्या नव्या आट्यात बसतो, आतला कोपरा बोल्टसाठी आटा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या अॅल्युमिनियमच्या इंजिनांत हे सर्रास वापरलं गेलं, आणि आजही विमानाच्या पार्टमध्ये काही बिघडलेलं नसताना नव्यापासूनच कॉइल घालतात. म्हणजे हा जुगाड नाही. लोकांना तार बघून वाटतं हे काय टिकणार, पण उलट आहे. कॉइलच्या बाहेरचा आटा जवळपास ९.६ मिमीचा होतो, म्हणजे अॅल्युमिनियमला धरायला पहिल्यापेक्षा जास्त जागा मिळते, आणि तार थोडी लवचिक असल्यामुळं भार एकट्या पहिल्या आट्यावर न येता खालपर्यंत वाटला जातो. दुरुस्त केलेलं भोक ओरिजिनलपेक्षा मजबूत.

किट माझ्याकडं पुण्याहून आणलेलं होतंच (हो, मी दिवाळीला घरी येताना हेलिकॉइलचं किट बॅगेत घेऊन येणारा माणूस आहे, बायकोचं यावर स्वतंत्र मत आहे). एम ८ बाय १.२५ चं. त्यात ८.३ मिमीचं ड्रिल, एक खास टॅप, कॉइल आत घालायचा दांडा आणि डझनभर कॉइल. फक्त वापरलेलं कधीच नव्हतं.

हे मामांना सांगितल्यावर त्यांनी भंगारातला एक अॅल्युमिनियमचा तुकडा माझ्यापुढं टाकला. "आधी ह्येच्यावर दोन मार. मग इंजिनाकडं जा."

पहिलं मारलं. ड्रिल हातात सरळ धरलंय असं मला शंभर टक्के वाटत होतं. टॅप फिरवला, कॉइल घातली, बोल्ट लावला तर बोल्ट दारू प्यायल्यासारखा एका बाजूला कललेला. मामा काहीच बोलले नाहीत, नुसता गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) आणून बोल्टशेजारी उभा केला. दुसरं मारताना गुण्या लावून लावून केलं, सरळ आलं, पण कॉइल आत जाताना मी दांडा थोडा उलटा फिरवला आणि कॉइलची शेपटी मधेच तुटली. शेपटी म्हणजे कॉइलच्या तळाशी आडवा वाकवलेला तारेचा तुकडा, दांडा त्याला धरून कॉइल आत ओढत नेतो. कॉइल मोकळी असताना भोकापेक्षा मोठी असते, फिरवताना आवळून बारीक होते आणि सोडली की बाहेरच्या बाजूला ताणून बसते, म्हणून तिला गोंद-बिंद लागत नाही. आणि म्हणूनच एकदा आत शिरली की उलटं फिरवायचं नाही, उलटं फिरवलं की ती उघडते आणि शेपटी जाते. तिसरं मारलं. ते बरं आलं.

पण तो तुकडा व्हाइसमध्ये (शिकंज्यात) होता, आणि इंजिन गाडीत. तिथं ड्रिल मशीन धरून उभं राहायला जागा नाही, एक खांदा रेडिएटरच्या पट्टीवर, मान वाकडी, गुण्या लावायला तिसरा हात कुठून आणायचा. मामांनी विचारलं, शेजारचा स्टड शाबूत आहे का. आहे म्हटलं. मग त्यांनी वीस मिमी जाड लोखंडी पट्टीचा तुकडा घेतला, माझं नवीन गॅस्केट त्याच्यावर ठेवलं, दोन भोकांचे मध्य पंचने मारून घेतले आणि रेडियल ड्रिलवर एक भोक ९ चं आणि एक बरोबर ८.३ चं पाडलं. झालं. नऊचं भोक शेजारच्या स्टडवर घालायचं, नट लावायचा, आणि ८.३ च्या भोकातून ड्रिल आत. पट्टी वीस मिमी जाड असल्यामुळं ड्रिलला वाकडं जायची मुभाच नाही. पाच मिनिटांचं काम आणि मी दोन रात्री यावर व्हिडिओ बघत होतो. पैसे विचारले तर म्हणाले चहा सांग. चहा सांगितला, तरी दीडशे रुपये टेबलावर ठेवून आलो. निघताना एका बाटलीत थोडं रॉकेल दिलं, टॅपला लावायला. अॅल्युमिनियम कापताना टॅपला चिकटतं, रॉकेलनं चिकटत नाही, आणि रॉकेल आता घरात कुठं असतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी. भोकाजवळचं एक्झॉस्ट पोर्ट (हेडमधून धूर बाहेर पडायचं तोंड) चिंधीनं बंद केलं, कारण आत कीस गेला तर आजचा प्रॉब्लेम उद्याच्या प्रॉब्लेमपुढं काहीच नाही. पट्टी स्टडवर घातली, नट बोटानं लावला, मग ड्रिल पट्टीतून घालून त्याचं टोक जुन्या भोकात नीट बसलं की मगच नट आवळला. हा क्रम महत्त्वाचा, आधी आवळलं तर पट्टी ड्रिलला स्वतःच्या मनाप्रमाणं नेते. ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळून खुणा केल्या, अठरा मिमी अधिक पट्टीची जाडी, त्याच्यापुढं एक केसही नाही, कारण पलीकडं पाण्याची वाट आहे की नाही हे मला बघायचं नव्हतं. स्पीड कमी, दाब कमी. ८ मिमीच्या भोकातून ८.३ म्हणजे मटेरियल असं काही निघतच नाही, फक्त फाटलेले आटे खरवडून येतात, पांढरा कोंडा.

पट्टी काढली, टॅप घेतला. टॅपला रॉकेल, हाताच्या बोटांनी पहिला फेरा, गुण्या दोन बाजूंनी लावून बघितला, मग हँडल. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं फिरवताना एक बारीक कट् असा आवाज येतो, कीस तुटल्याचा, तो आला की पुढं. तीन-चार फेऱ्यांनी पूर्ण बाहेर काढून पुसायचा. पप्पा टॉर्च धरून उभे होते आणि पहिल्यांदाच गप्प होते. तळ लागला की हाताला कळतं, तिथं थांबायचं. मीही थांबलो, या वेळी पाइप परसात होता, पप्पांनी मुद्दाम नेऊन टाकलेला.

भोक साफ करायला हवा मारायचा पंप नव्हता. सायकलच्या पंपाच्या नळीला स्ट्रॉ लावून फुंकलं, डोळ्यावर चष्मा घालून, मग उदबत्तीच्या काडीला चिंधी गुंडाळून पेट्रोलनं पुसलं. कॉइल घेतली, १२ मिमी लांबीची, म्हणजे बोल्टच्या जाडीच्या दीडपट. दांड्याला अडकवली, हलक्या हातानं फिरवत गेलो, वरून अजिबात दाब न देता, ती आपली आपण आत जाते. वरच्या कडेच्या खाली साधारण अर्धा आटा जाईपर्यंत नेली. वर राहिली तर मॅनिफोल्ड बसताना तिच्यावर टेकतो. दांडा सरळ वर उचलून काढला, पंच ठेवून हातोडीनं एक टिचकी, शेपटी तुटली. ती आतच पडून राहिली तर स्टड तळाला टेकेल, म्हणून दुसऱ्या उदबत्तीच्या काडीच्या टोकाला ग्रीस लावून आत फिरवली. तिसऱ्या प्रयत्नात शेपटी चिकटून बाहेर आली, नखाएवढी सुद्धा नाही. आईनं विचारलं उदबत्त्या कुठं गेल्या, पूजेची वेळ झाली.

नवीन स्टड घातला, बोल्ट नाही. दोन नट एकमेकांवर आवळून त्यांच्या आधारानं तो हातानं बसवला, स्टड तळाला टाइट करायचा नसतो, नुसता टेकवायचा. वरच्या आट्यांना तांब्याचं अँटिसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) पुसलं, नवीन गॅस्केट, मॅनिफोल्ड, सगळे नट आधी बोटांनी. मग मधून बाहेरच्या दिशेनं दोन फेऱ्यांत, पहिले दहा, मग वीस न्यूटन-मीटर. अँटिसीझ लावलेलं असल्यामुळं पंचवीसपर्यंत गेलोच नाही. माझ्या स्टडवर टॉर्क रेंचनं (ठरवलेला जोर झाला की आवाज करणारा पाना) टक् केलं तेव्हा मी खरंच दोन सेकंद डोळे मिटले होते. धरला त्यानं.

गाडी चालू केली. टिक् टिक् नाही. गरम करून थंड होऊ दिली, नट परत एकदा बघितले, एक किंचित आवळला गेला, बाकीचे जागेवर. पप्पा मंडईत जाऊन आले आणि मोठा रिपोर्ट दिला, म्हणजे "बरी चालली" एवढं म्हणाले.

तो अडीच सुती बोल्ट त्या पांढऱ्या तारेसकट मी खिशात ठेवलाय.

हत्यारं गोळा करताना खाली वाकलो तर अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा चमकला. सहज १२ चा पाना लावून बघितला. जात नाही. १३ चा लावला. हलतोय. आत गेलो, हात धुतले, फराळाला बसलो, पप्पांना अजून काही सांगितलेलं नाही.